बारिकेलो: करवला होता, की करवला केला?

इंजिनगरम

१२ मे २००२. फॉर्म्युला वनची शर्यत, ऑस्ट्रियातलं ए-वन रिंग. शेवटच्या वळणातून लाल फेरारी बाहेर येते. समोर फक्त अंतिम रेषा, पुढे कोणी नाही. आणि तिच्या इंजिनाचा आवाज उतरतो. मागून दुसरी लाल फेरारी येते आणि ०.१८२ सेकंदांनी जिंकते. जिंकणारा शूमाकर, संघाच्या हुकमावरून थांबणारा त्याचाच सहकारी, ब्राझीलचा रुबेन्स बारिकेलो.

ब्राझीलच्या टीव्हीवर समालोचन करत होते क्लेबेर माशादो. आदल्या वर्षी याच ट्रॅकवर संघाने बारिकेलोला दुसरी जागा शूमाकरला द्यायला लावली होती, म्हणून ते रेषेपर्यंत घोकत होते, ‘आज नाही! आज नाही!’ मग गाडी मंदावली आणि त्यांच्या तोंडून निघालं, ‘आज हो... आज हो?’ दुसऱ्या ‘हो’पुढचं ते प्रश्नचिन्ह ऐकण्यासारखं आहे. पुढे तिथल्या लोकांच्या बोलण्यात ते वाक्य म्हणीसारखं रुळलं.

माझा मुद्दा असा. या माणसाने ३२२ शर्यती केल्या. ११ विजय, १४ पोल (सर्वांत पुढून सुरुवात), ६८ वेळा पोडियम (पहिल्या तिघांत). तरी नाव काढलं की लोकांना एवढाच पाव सेकंद आठवतो. लग्नात करवलीला निदान मान तरी असतो, करवल्याला कोण विचारतं? माझ्या मते तो जात्या करवला नव्हता, फेरारीने त्याला तो केला.

फेरारीच्या आधीचं बघा. १९९१ मध्ये कुल्टहार्डला मागे टाकून ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचा विजेता. १९९३, डॉनिंग्टन, धो धो पाऊस. ब्राझीलच्याच आयर्टन सेनाची ती पहिली फेरी सगळ्यांना पाठ आहे. त्याच फेरीत वीस वर्षांचा बारिकेलो जॉर्डन संघाच्या गाडीतून बाराव्या जागेवरून चौथा झाला, हे कुणी सांगत नाही. फॉर्म्युला वनमधली त्याची ती तिसरी शर्यत. शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना तिसरा होता, तेव्हा इंधनाचा दाब गेला. पुढच्या वर्षी स्पाला पोल, तोवरचा सर्वांत तरुण पोलवाला. १९९७ ला नव्याकोऱ्या स्टुअर्ट संघाच्या पाचव्याच शर्यतीत, मोनॅकोच्या पावसात दुसरा. त्या संघाने वर्षभरात कमावले एकूण सहा गुण, ते सगळे त्या एका दुपारचे.

करवला असा असतो का? बोला.

हिशेबी माणूस

धागा छान, पुढील लेखनास शुभेच्छा. आता आकडे.

फेरारीत दोघं सहा मोसम एकत्र होते, २००० ते २००५. शूमाकरचे विजय ४९, बारिकेलोचे ९. वर्षागणिक गुण, आधी शूमाकरचे:

१०८ – ६२
१२३ – ५६
१४४ – ७७
९३ – ६५
१४८ – ११४
६२ – ३८

बेरीज ६७८ विरुद्ध ४१२. एकदाही, एका वर्षीही पुढे नाही. ऑस्ट्रियात एक जागा दिली, म्हणून चार गुण इकडचे तिकडे झाले, म्हणजे फरकात आठ. उरलेले २५८ कुणी काढून घेतले? आणि जागा सोडायला लावली तेव्हा पाच शर्यती झाल्या होत्या, त्यात शूमाकरचे ४४ गुण, याचे ६. संघ काय ६ वाल्यासाठी ४४ वाल्याला थांबवेल?

इंजिनगरम

४४ आणि ६ हा आकडा तुमच्या नव्हे, माझ्या बाजूचा आहे. दुसऱ्या क्रमांकावरचा मोंटोया तेव्हा २३ वर होता. विजेतेपद धोक्यात असतं तर गोष्ट वेगळी. त्या वर्षी शूमाकरने जुलैमध्येच, सतरापैकी अकराव्या शर्यतीला किताब खिशात घातला. मग मे महिन्यात ही भीक मागायची गरज काय होती?

आणि ६ गुण का होते तेही सांगा. मेलबर्नला पोलवरून निघाला, पहिल्याच वळणावर शूमाकरचा भाऊ राल्फ त्याच्या गाडीवर चढला. मलेशियात इंजिन गेलं. ब्राझीलमध्ये आघाडीवर असताना हायड्रॉलिक्स गेलं. बार्सिलोनात गिअरबॉक्समुळे सुरुवातसुद्धा करता आली नाही. पाचपैकी चार शर्यती अशा. उरलेल्या एका शर्यतीत दुसरा आला.

हिशेबी माणूस

नशीब फुटकं होतं हे एका वर्षाला मान्य. एकोणीस वर्षं फुटकं राहिलं, तर त्याला नशीब म्हणवत नाही.

काका_६२

मंडळी, मी ब्राझीलच्या बाजूने बोलतो. कामानिमित्त साव पावलोत तीन वर्षं होतो.

तिथे त्याला बारिकेलो कुणी म्हणत नाही. रुबेन्सचा उच्चारही ‘हुबेन्स’च्या जवळ जातो. लाडाने हुबिन्यो, म्हणजे धाकटा रुबेन्स. वडिलांचं नाव तेच, आणि दोघांचा वाढदिवसही एकच, २३ मे. वाढला इंटरलागोस ट्रॅकच्या आसपास.

त्या देशाने फिट्टिपाल्डी, पिके आणि सेना मिळून वीस वर्षांत आठ विश्वविजेतेपदं पाहिली होती. १९९४ च्या इमोलाच्या शर्यतीला काय झालं ते लक्षात घ्या. शुक्रवार, २९ एप्रिल. बारिकेलोची जॉर्डन सव्वादोनशेच्या वेगाने ट्रॅकच्या कडेच्या कर्बवरून उडाली आणि जाळीवर आदळली. हा बेशुद्ध, जीभ घशात गेलेली. शर्यतीचे डॉक्टर सिड वॉटकिन्स यांच्या माणसांनी श्वास मोकळा केला म्हणून वाचला. शुद्धीवर आला तेव्हा शेजारी सेना उभा होता. शनिवारी अपघातात ड्रायव्हर रात्झेनबर्गर गेला. रविवारी सेना गेला.

नाकाला फ्रॅक्चर, हाताला प्लास्टर, आणि वय बाविसाच्या आत. त्या पोरावर अख्ख्या देशाने सेनाची खुर्ची ठेवली. घरच्या शर्यतीत १९९५ ते २००३ सलग नऊ वर्षं तो शेवटपर्यंत पोचला नाही. १९९९ ला स्टुअर्टसारख्या गाडीतून इंटरलागोसला आघाडी घेतली, इंजिन गेलं. २००३ ला पोल, पावसात आघाडी, आणि इंधनच मिळेना. गाडी गवताकडेला उभी. लोकांनी काय केलं? विनोद. कुणी उशिरा आला की ‘हुबिन्यो झाला’. ऑफिसात मीही ऐकलेत, आणि कबूल करतो, हसलोय.

शूमाकरशी तुलना ठीक आहे, पण या माणसाची स्पर्धा एका मेलेल्याशीही चालू होती.

मंजिरी

काका, इमोलाचं वाचून वाईट वाटलं. तरी मी इंजिनगरमच्या विरोधात.

मला शूमाकरचा राग येत नाही, फेरारीचाही नाही. राग याचाच येतो. पाय कुणाचा होता पेडलवर? त्या दिवशी मी नववीत होते. बाबा म्हणाले, ‘बघ, नोकरी म्हणजे काय असतं ते.’ मी टीव्ही बंद केला.

२०१३ ला मलेशियात फेटेलला रेडिओवर स्पष्ट सांगितलं होतं, संघातल्याच वेबरच्या मागे राहा. त्याने ऐकलं नाही, वेबरला गाठलं, जिंकला. ओरडा खाल्ला, चार दिवस माफी मागितली आणि त्याच वर्षी चौथा किताब घेऊन गेला. बारिकेलोने रेषा ओलांडली असती तर काय झालं असतं? फार तर काढला असता. मग दुसऱ्या संघात गेला असता. पण आज धाग्याचं शीर्षक वेगळं असतं.

ओला टायर

मंजिरी, फेटेलची गोष्ट इथे बसत नाही. फेटेल तोवर तीनदा विश्वविजेता झाला होता, त्याला काढणार कोण? बारिकेलोच्या खात्यावर तेव्हा एकच विजय होता. जो बदलता येतो त्याला नाही म्हणणं महाग पडतं.

शिवाय तो गप्प नव्हता. शेवटच्या फेऱ्यांत रेडिओवर बराच वेळ वाद चालला होता, असं त्याने नंतर सांगितलं. आणि थांबला तो कुठे? अगदी रेषेजवळ, सगळ्या जगाला दिसेल असा. पिटमध्ये, म्हणजे टायर-इंधनाच्या थांब्यावर, दोन सेकंद जास्त लावून हे गुपचूप करता आलं असतं. मला ते पेडल सोडणं आज्ञापालन कमी आणि तक्रार जास्त वाटतं. प्रेक्षकांनी हुर्यो केली ती शूमाकरची. शूमाकरने त्याला पहिल्या पायरीवर ढकललं, त्यावरून दहा लाख डॉलरचा दंड झाला. गंमत बघा, दंड जागा बदलल्याचा नव्हता, पोडियमचा शिष्टाचार मोडल्याचा होता. आणि २००३ पासून असे आदेश नियमाने बंद झाले. एका माणसाच्या उजव्या पायाने नियम बदलला.

मंजिरी

बंद झाले म्हणजे कागदावर. २०१० ला हॉकेनहाइमला मासाला सांगितलंच ना, ‘फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगात आहे’, म्हणजे वाट दे. फेरारीच, आणि पुन्हा ब्राझीलचाच माणूस. पुढच्या वर्षी बंदीच उठवली.

पण ‘पेडल सोडणं ही तक्रार होती’ हे मला कधी सुचलं नव्हतं. पटलंय असं नाही. सुचलं नव्हतं एवढंच.

पक्या सांताक्रूझ

उशीर झाला, क्षमस्व. हुबिन्योच्या धाग्यावर वेळेत येणं बरं दिसत नाही.

ओला टायर

पक्या, तुझ्यासाठी हॉकेनहाइम २०००. हा माणूस वेळेत पोचला तो दिवस.

अठराव्या जागेवरून सुरुवात. शूमाकर पहिल्याच वळणावर बाहेर. मध्येच एक माणूस निषेध म्हणून ट्रॅकवर चालत आला, सगळ्यांना हळू चालवणारी सेफ्टी कार काढावी लागली. मग शेवटी पाऊस, पण अर्ध्याच ट्रॅकवर. जुनं हॉकेनहाइम आठवा. स्टेडियमचा वळणावळणाचा भाग चिंब ओला आणि जंगलातले लांबलचक सरळ पट्टे कोरडे. हाकिनेन आघाडीवर होता, तो ओल्या टायरसाठी आत गेला. बारिकेलोने कोरडेच ठेवले. हे ज्याने कधी पावसात घासलेल्या टायरची बाईक चालवली आहे त्याला सांगायला नको. स्टेडियममध्ये अंड्यावरून चालल्यासारखा जायचा आणि जंगलात सगळं वसूल करायचा, असं दहाएक फेऱ्या. सात सेकंदांहून जास्त फरकाने जिंकला.

पहिला विजय, सव्वाशेच्या आसपास शर्यतींनंतर. १९९३ च्या ॲडलेडनंतर ब्राझीलचा पहिला. पोडियमवर हमसून रडत होता आणि हाकिनेन-कुल्टहार्डने त्याला खांद्यावर घेतलं. ज्यांच्याकडून जिंकला त्यांनी!

हिशेबी माणूस

हॉकेनहाइम निर्विवाद. माझ्या यादीतसुद्धा त्या वर्षातली सर्वोत्तम ड्राइव्ह.

पण शूमाकर बाजूला ठेवू, कारण तो आला की करारात कोण पहिला, कोण दुसरा हा विषय निघतो. जेन्सन बटन घ्या. होंडा आणि ब्रॉन या संघांत दोघं चार मोसम एकत्र. कुणी पहिला नाही, कुणी दुसरा नाही. २००६: बटन ५६, हा ३०. २००७: ६ आणि शून्य. २००८: ३ आणि ११. २००९: ९५ आणि ७७. बेरीज १६० – ११८. इथे कुणी करवला केला?

इंजिनगरम

२००९ जरा उघडून बघू, कारण माझ्या मते तेच खरं त्याचं वर्ष आणि तेच हातून गेलं.

होंडाने डिसेंबर २००८ मध्ये गाशा गुंडाळला. बारिकेलो ३६ चा, नोकरी जवळजवळ गेलेली. रॉस ब्रॉनने संघ उचलला आणि गाडी निघाली रॉकेट. पहिल्या सात शर्यतींत बटन सहा जिंकला: ६१ विरुद्ध ३५. उरलेल्या दहांत बटनचे ३४ आणि बारिकेलोचे ४२. त्या दहांत बटन एकही जिंकला नाही, हा दोन: व्हॅलेन्सिया आणि मोंझा. व्हॅलेन्सिया हा ब्राझीलचा शंभरावा विजय. मोंझा एकशे एकावा, आणि त्यानंतर आजवर ब्राझीलचा एकही नाही.

मेलबर्न, इस्तंबूल आणि स्पा या तीन ठिकाणी सुरुवातीलाच गाडी अँटी-स्टॉलमध्ये (इंजिन बंद पडू नये म्हणून क्लच आपोआप सोडवणारी सोय) गेली आणि सगळे त्याला ओलांडून गेले. बार्सिलोनात सुरुवातीला आघाडी घेतली, त्याला तीन थांबे दिले, बटनचे मधूनच तीनाचे दोन केले आणि बटन जिंकला.

हिशेबी माणूस

बार्सिलोनाचं षड्यंत्र मला पटत नाही. मधल्या टप्प्यात त्याला वेगच मिळाला नाही म्हणून तीन थांब्यांचा हिशेब फसला, हे ब्रॉननेच सांगितलं होतं. आणि तीनदा अँटी-स्टॉल? क्लच कुणाच्या बोटात असतो? बटनच्या गाडीतही तोच क्लच होता.

पहिल्या सात शर्यती वगळून मोजायचं असेल तर मीही शाळेत पहिला आलो असतो, गणित आणि शास्त्र वगळून.

इंजिनगरम

क्लचचं मान्य. तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

नाशिकचा नऊनंबरी

वाद चालू द्या, मी दोन आठवणी टाकतो.

एक, इंडियानापोलिस २००५. मिशेलिन टायरवाल्या चौदा गाड्या फॉर्मेशन लॅपनंतर, म्हणजे शर्यतीआधीच्या फेरीनंतर, आत निघून गेल्या आणि मैदानात सहाच उरल्या. शूमाकर पहिला, बारिकेलो दुसरा, माँटेरो तिसरा आणि आपला नारायण कार्तिकेयन चौथा, पाच गुण. एवढ्या रिकाम्या ट्रॅकवरसुद्धा शूमाकर पिटमधून बाहेर पडताना बारिकेलोला गवतात घालतो! सहा गाड्या होत्या हो.

दुसरी, २०११ चं बुद्ध सर्किट. आम्ही चौघं नाशिकहून गेलो होतो. ग्रँडस्टँडवरून बारिकेलोची निळी विल्यम्स पाहिली, पंधरावा आला. शेजारचे एक काका त्याच्या नावाने ओरडत होते, बाकी सगळे शूमाकर-शूमाकर. महिन्याभराने इंटरलागोसला तो शेवटची शर्यत धावला, पण ती शेवटची आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. जानेवारीत विल्यम्सने त्याची जागा दिली ब्रूनो सेनाला, आयर्टनच्या भाच्याला. काका_६२, तुम्ही म्हणालात ती खुर्ची शेवटी अशी परत घेतली.

काका_६२

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आता रात्रभर छळेल.

मंजिरी

मग त्यानंतर काय केलं त्याने? मी २००५ नंतर नेमाने बघणं सोडलं.

ओला टायर

२०१२ ला अमेरिकेच्या इंडीकारमध्ये, जिवलग मित्र टोनी कनानच्या संघात. ओव्हलवर (अंडाकृती ट्रॅकवर) धावणार नाही असं बायकोला वचन दिलेलं, तिनेच मोकळं केलं. चाळिसाव्या वर्षी इंडी ५०० चा ‘सर्वोत्तम नवोदित’, हे वाचूनच हसू येतं. अकरावा आला. मग घरी, ब्राझीलच्या स्टॉक कारमध्ये. तिथे २०१४ ला विजेता आणि पुन्हा २०२२ ला, पन्नाशी गाठल्यावर.

मंजिरी

पन्नाशीत? बरं. याला मी करवला म्हणणार नाही. ऑस्ट्रियाबद्दल मत तेच.

पक्या सांताक्रूझ

म्हणजे पोचतो, फक्त मुहूर्त टळल्यावर.

इंजिनगरम

माझ्याकडून शेवटचं. हॉकेनहाइम, मोंझा सगळं ठीक, पण मी पुन्हा पुन्हा बघतो ती हंगेरी २०१०.

चार-पाच फेऱ्या उरल्यात. पुनरागमन केलेला शूमाकर मर्सिडीजमध्ये, मागे बारिकेलो विल्यम्समध्ये. सरळ पट्ट्यावर हा उजवीकडे जातो, पिटच्या भिंतीच्या बाजूला. शूमाकर त्याला भिंतीकडे दाबत जातो, दाबत जातो. विल्यम्सचं चाक आणि काँक्रीट यांच्यात हातभरसुद्धा जागा नाही. गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण लावून बघा, भिंत कानाशी येते. आठ वर्षांपूर्वी रेषेवर याच माणसासाठी पाय उचलला होता. इथे अडतीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप, काही मिळणार नाही अशी शर्यत, आणि पाय उचलत नाही. भिंत संपते, हा अर्धा गवतात जाऊन पुढे निघतो. शूमाकरला पुढच्या शर्यतीत दहा जागा मागे टाकलं.

कशासाठी होतं हे सगळं? दहाव्या क्रमांकासाठी.

हिशेबी माणूस

दहाव्याला एक गुण असतो. त्याच्या ६५८ मध्ये तो धरलेला आहे. आत्ता बघून आलो, दोनदा.